डाव्या हाताच्या जागी

टेमघरला एका हळदीत गाणं चालू असतानाच मामा माझ्याजवळ सरकले आणि कानाशी तोंड आणून ओरडले, "खाली काय न्हाय रं! पोकळ वाजतंय सगला."

मामा म्हणजे आमच्या बेंजो पार्टीचे मालक. नात्याने आमच्यापैकी कोणाचेच मामा नाहीत, पण सगळी पार्टी त्यांना मामाच म्हणते. ते स्वतः बेंजो वाजवतात आणि वाजवता वाजवता बाकी प्रत्येकावर कान ठेवून असतात. मी त्या पार्टीत बास गिटार वाजवतो. दिवसा गोदामात माल पाठवायची ड्युटी आणि लग्नसराई आली की संध्याकाळी गळ्यात बास, असं माझं बरीच वर्षं चाललं आहे.

त्या दिवशी मांडवात बायका बेभान नाचत होत्या, नवरदेवाच्या गालांवर हळद वाळून तडकायला लागली होती. कोणाला काही कमी पडल्यासारखं दिसत नव्हतं. पण मामांचं खरं होतं. मला ते त्यांच्या कितीतरी आधी कळलं होतं. खाली, खर्जात, जे नव्हतं तो माझ्या मित्राचा डावा हात होता.

तो निजामपुऱ्यातला. घर वर आणि खाली त्याच्या वडिलांचा लूमचा कारखाना. लहानपणापासून त्या खडखडाटात वाढल्यामुळे तो शांत खोलीतही जरा मोठ्यानेच बोलायचा. आमच्याकडे कीबोर्डवाला हवा होता तेव्हा कोणीतरी त्याला घेऊन आलं. पहिल्याच दिवशी त्याने उजव्या हाताने गाणं धरलं आणि डाव्या हाताने चक्क माझंच वाजवायला लागला. म्हणजे मी बासवर जो सूर लावीन तोच सूर, पण त्याच्या खालच्या सप्तकात. मला राग आला. गाणं संपल्यावर मी म्हटलं, "माझं काम तूच करणार असशील तर मी घरी जाऊ का?"

तो हसला. "यार, तू भिंत बांध, मी पाया भरतो. भांडण कशाला?"

दोन-चार कार्यक्रमांत राग निवळला, आणि मग मला त्याची सवयच लागली. माझ्या सुरापाठोपाठ त्याचा सूर यायचा, अगदी किंचित मागून. दार मी ढकलावं आणि त्याने माझ्या पाठीमागून आत यावं, तसा. आम्हाला एकमेकांकडे बघावंही लागायचं नाही. मांडवातल्या लोकांना यातलं काही कळत नसे. पण त्याचा डावा हात खाली आला की नाचणाऱ्यांची पावलं जमिनीवर घट्ट पडायला लागायची, एवढं मी पाहिलेलं आहे.

शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या कारखान्यात बसून वाजवायचो. सुताचा बारीक कापूस हवेत तरंगत असायचा, माझ्या केसांवर बसायचा. मध्येच त्याची अम्मी वरून हाक मारायची. मग तो जिन्यावरून चहा घेऊन यायचा, कधी त्याबरोबर गरम सांदणं. आम्ही काय बोलायचो ते आता विचारलं तर सांगता येणार नाही. फार काही बोलत नव्हतो. एखादा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचो, चुकलं की हसायचो, संध्याकाळ होऊन जायची.

मग धंदा बसला. त्याच्या वडिलांनी एकेक करत लूम बंद केले आणि शेवटी सगळे भंगारात दिले. ज्या दिवशी ते उचलून नेले त्या दिवशी मी तिथे गेलो होतो. फरशीवर नटबोल्टांची भोकं आणि तेलाचे काळे चौकोन तेवढे राहिले होते. मित्र हात मागे बांधून त्या चौकोनांमधून फिरत होता. म्हणाला, "मस्कतला मामेभाऊ आहे. एका दुकानाच्या गोदामात स्टोअरकीपर पाहिजे म्हणतो."

"आणि कीबोर्ड?"

"तिकडे घेईन ना छोटा."

तो गेला. कीबोर्ड त्याने पार्टीलाच देऊन टाकला. आता त्यावर दुसरा माणूस वाजवतो. चांगला वाजवतो, पण त्याचा डावा हात बहुतेक वेळ ताल चालू-बंद करण्यात असतो. मित्र तिकडे एका खोलीत आणखी पाच-सहा जणांबरोबर राहतो. कोणाची सकाळची शिफ्ट, कोणाची रात्रीची, म्हणजे खोलीत कायम कोणीतरी झोपलेलं. कीबोर्ड त्याने घेतलाच नाही. पण दर शुक्रवारी मला फोन करायचा आणि त्या आठवड्यात कुठे काय वाजवलं ते एकेक गाणं विचारून घ्यायचा.

मामांचं बोलणं मी त्याला असंच एका शुक्रवारी सांगितलं. त्याने गाणं कोणतं होतं ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "ऑक्टेव्ह पेडल घे."

मला ठाऊक होतं ते काय असतं. पायाने दाबायची लोखंडी डबी. बासची वायर आधी तिच्यात जाते, मग अँपमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीत. दाबली की तुम्ही वाजवाल त्या सुराबरोबर त्याच्या खालच्या सप्तकातला सूरही ती आपली आपण काढते.

"नको रे," मी म्हटलं.

"नको कशाला? माझ्या डाव्या हाताचं काम ते करील. मामांना पण बरं वाटेल."

"तू येशीलच ना आता."

"येईन तेव्हा येईन. तोपर्यंत काय पोकळ वाजवणार?"

हे तो अगदी सहज बोलला. फोन ठेवल्यावर मी मात्र बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. त्याच्या जागी वस्तू आणायची आणि ती आणायला त्यानेच सांगायचं, हे मला पचत नव्हतं.

तरी शोधायला लागलो. मोबाइलवर पेडलांचे व्हिडिओ बघायचो. माणूस एक बटण फिरवतो, दुसरं फिरवतो, डोळे मिटून मान हलवतो, आणि मोबाइलच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून मला सगळी पेडलं सारखीच ऐकू येतात. एक गोष्ट मात्र पक्की होती, पेडल लहान हवं. हळदीत आम्हाला स्टेज नसतं. मांडवाच्या एका कोपऱ्यात खुर्च्या सरकवून जागा करतात आणि पाऊण तासात नाचणारे आमच्या अंगावर येतात. पायाशी मोठं काही ठेवलं तर एखादी करवली त्यावर पाय देऊन गिरकी घेणार, हे ठरलेलं. शिवाय मी स्कूटरवर जातो, पाठीला बास. त्याच्या पिशवीच्या पुढच्या खणात मावेल तेवढंच माझ्या कामाचं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी बास घेऊन ठाण्याच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. त्याने मला एका अँपसमोर स्टुलावर बसवलं आणि दोन पेडलं काढून ठेवली. एक अगदी छोटं, काड्यापेटीहून थोडं मोठं. दुसरं तळहाताएवढं.

"छोट्यात बॅटरी बसत नाही," तो म्हणाला. "अडॅप्टरच लावावा लागेल. दुसऱ्यात बसते."

मी मित्राला व्हिडिओ कॉल लावला. तो जेवणाच्या सुट्टीत होता. मागे खोक्यांची चळत, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात अर्धी रोटी. मला बघून त्याने रोटी खाली ठेवली आणि हात पुसले, जणू वाजवायलाच बसतोय.

"वाजव."

मी फोन अँपवर टेकवून ठेवला आणि आमचाच एक तुकडा वाजवला, शुक्रवारी वाजवायचो तो. आधी नुसता बास, मग छोटं पेडल दाबून. दुकानाच्या काचा हलल्या.

"आता लाव पेडल," तो म्हणाला.

"लावलंय. आता वाजवलं ते पेडल लावूनच."

"हो? मला तर आधीचंच वाटलं. परत वाजव."

मी परत वाजवलं. मग दुसरं पेडल लावून वाजवलं. तो फोन कानाशी घेऊन ऐकत होता, त्यामुळे पडद्यावर मला नुसता त्याचा कान दिसत होता. मग त्याने कोणाकडून तरी हेडफोन मागून घेतले. ते लावूनही ऐकलं.

"यार, काहीच नाही येत," तो म्हणाला. "वरचं वरचं येतं. खालचं इथपर्यंत पोचतच नाही."

दुकानदार म्हणाला, "फोनवर नाही जाणार. फोन एवढा खालचा आवाज टाकूनच देतो."

आम्ही दोघं हसलो. जिच्यासाठी एवढा खटाटोप नेमकी तीच गोष्ट त्याला ऐकू येत नव्हती. हसता हसता दोघंही थांबलो आणि एकमेकांकडे बघत राहिलो. मला वाटलं आता तो म्हणेल, तुझं तूच बघ. पण त्याने फोन जवळ घेतला आणि विचारलं, "अँपवर हात ठेवून बघ. कुठे लागतंय ते सांग मला. पोटात की छातीत?"

मी दुकानदाराला माझा बास वाजवायला दिला आणि स्वतः अँपला हात लावून उभा राहिलो. छोट्या पेडलचा सूर स्वच्छ होता, तार छेडल्याबरोबर हजर. पण तो थेट पोटात जात होता.

"पोटात," मी म्हटलं.

"पोटात नको. नाचणाऱ्याला जड होतं. दुसरं?"

दुसऱ्याचा सूर जरा जाडाभरडा होता, कडा झिजल्यासारखा. आणि तो थोडा मागून येत होता. मी डोळे मिटले.

"छातीत. आणि उशिरा येतंय थोडं."

"किती उशिरा?"

काय सांगणार? मी म्हटलं, "तू यायचास तेवढं."

दुकानदाराने त्याच्या परीने खरं ते सांगितलं, की या पेडलला एका वेळी एकच सूर कळतो, दोन तारा एकदम वाजल्या की ते गोंधळतं आणि सर्वांत जाड तारेवर खाली गेलं की घशात गुळणी धरल्यासारखं गुरगुरतं. छोटं पेडल या बाबतीत कितीतरी शहाणं होतं.

मित्र तिकडून म्हणाला, "मग जाड तारेवर जाऊ नको. वर सरकून वाजव. आणि दोन तारा तू कधी वाजवतोस?"

त्याची सुट्टी संपत आली होती. जाता जाता त्याने स्वतः त्या तुकड्यातला आपला खालचा भाग गुणगुणून दाखवला, "असं आलं पाहिजे, असं," आणि मागून कोणीतरी त्याला हिंदीत हाक मारली तेव्हा फोन बंद झाला. मी तळहाताएवढं पेडल घेतलं.

घरी आल्यावर बायकोने आधी ते हातात घेऊन वजन बघितलं. "एवढासा डबा? हाय काय याच्यात?" मी अँप लावून पेडल दाबलं. स्वयंपाकघरात मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागले. ती आत गेली, पेले धरून उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "मस्कतला त्यांना ऐकवलंस का?"

"ऐकू येत नाही फोनवर."

दुसऱ्या दिवशी तिने पेल्यांखाली जुना टॉवेल घडी करून घातला. मी वाजवायला बसलो की मात्र ती हातातलं काम घेऊन बाहेर येऊन बसायला लागली. आधी बसत नसे.

पेडल शिकायला मला वाटलं त्यापेक्षा जास्त दिवस लागले. एक तार सोडल्याशिवाय दुसरी धरायची नाही, बोटं स्वच्छ उचलायची, नाहीतर ते बावचळायचं. मूळ सूर किती आणि खालचा किती हे दोन बटणांनी ठरवावं लागतं. खालचा जास्त ठेवला की माझाच बास हरवून जायचा. पुढच्या हळदीला मामांनी माझ्याकडे बघून नुसती भुवई उचलली आणि बेंजोवर वाकले. ती त्यांची शाबासकी. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण गाणं संपलं की मी सवयीने उजवीकडे बघायचो. तिथे नवा कीबोर्डवाला पाण्याची बाटली तोंडाला लावून उभा असायचा.

ईदला निजामपुऱ्यात त्याच्या घरी गेलो. अम्मींनी शिरखुर्म्याची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "तुला रोज फोन करतो काय रे तो?"

"शुक्रवारी करतो."

"मला म्हणतो, सुट्टीच्या दिवशी बाजा वाजवतो तिकडे. दोस्त जमतात म्हणे." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "वाजवतो ना?"

मी म्हटलं, "वाजवत असेल." त्यांनी वाटीत आणखी एक पळी वाढली.

त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तो आला. थोडा जाड झाला होता, कानशिलांवर पांढरे केस आले होते, आणि हळू बोलायला लागला होता. त्या खोलीत कायम कोणीतरी झोपलेलं असायचं, त्याची सवय. निजामपुऱ्याच्या गल्लीत मला त्याचं बोलणं नीट ऐकू येईना, दोनदा विचारावं लागलं. हे मला फार लागलं.

लग्नाच्या गडबडीतून वेळ काढून एका दुपारी तो मामांच्या पडवीत आला, जिथे आमचं सामान असतं. मी अँप लावून ठेवला होता. पेडल बघून तो खाली उकिडवा बसला, त्याची दोन्ही बटणं न फिरवता नुसती चाचपून बघितली.

"वाजव," म्हणाला.

मी पेडल दाबून आमचा तुकडा वाजवला. त्याने दोन्ही तळवे अँपवर ठेवले होते. डोळे उघडेच होते, पण तो कुठेच बघत नव्हता.

"बरोबर घेतलंस," तो म्हणाला. "आता मला सुट्टी."

त्याने हे हसत म्हटलं. मी हसलो नाही. मी कीबोर्डवरचं कापड काढलं आणि त्याला म्हटलं, "बस."

"बोटं गेली रे माझी."

"बस तू."

तो बसला. उजवा हात चाचपडत चालायला लागला, चुकला, पुन्हा सुरू झाला. मी बास धरला. पेडल चालूच होतं, माझ्या लक्षात राहिलं नाही. दोन ओळी झाल्यावर त्याचा डावा हात खाली आला, आणि त्याचा सूर व पेडलचा सूर एकमेकांवर चढून नुसता गढूळ घुमारा झाला. काय झालं ते माझ्या आधी त्याला कळलं. त्याने डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि एकट्या उजव्याने वाजवत राहिला. कसलाही राग नाही, रुसवा नाही. बसमध्ये कोणाला जागा द्यावी तसा त्याने तो हात काढून घेतला.

मी पेडल बंद केलं. खालचा सूर एकदम गेला आणि माझा बास तसाच उघडा वाजत राहिला. मी थांबलो नाही. त्याच्याकडे बघत तोच तुकडा परत सुरुवातीपासून घेतला. त्याने मान वर केली नाही. तुकडा एकदा पूर्ण झाला, दुसऱ्यांदा सुरू झाला. मग त्याने तो हात मांडीवर पुसला आणि हळूच पट्ट्यांवर ठेवला.

किती वेळ वाजवलं माहीत नाही. मामा दारात येऊन उभे राहिले होते, आम्ही थांबलो तेव्हा ते म्हणाले, "च्या घेता का रं पोरांनो?" आम्ही दोघंही चाळिशी ओलांडलेले. मित्र पुन्हा पहिल्यासारखा मोठ्याने म्हणाला, "घेतो की मामा!"

लग्न पार पडलं. पाहुणे गेले, मांडव उतरला आणि तोही परत गेला. मी बायपासपर्यंत त्याच्याबरोबर गाडीत गेलो आणि तिथे उतरलो. उतरताना त्याने विचारलं, "खालच्या सुराचं बटण किती ठेवतोस?"

"निम्म्याच्या जरा खाली."

"निम्मं ठेव. उघड्या मैदानात कमी पडेल."

त्यानंतर गणेशपुरीच्या बाजूला एका गावात, भातकापणी झालेल्या शेतातच मांडव होता, तिथे निम्मं ठेवून बघितलं. त्याचं म्हणणं बरोबर निघालं. मामा खूश आहेत. या सराईत आम्हाला कामंही चांगली आहेत. शुक्रवारी त्याचा फोन येतो, मी एकेक गाणं सांगतो.

गेल्या महिन्यात असंच बोलताना तो म्हणाला की तिकडचा करार वाढवून घेतला आहे, म्हणजे इतक्यात येणं नाही. घरी अजून सांगितलेलं नाही, सांगेन म्हणाला. मी बरं म्हटलं.

काल निजामपुऱ्यात गेलो होतो. कारखान्याच्या जागेत आता कोणाचातरी कपड्यांच्या गाठींचा साठा असतो, जिना तेवढा मोकळा आहे. अम्मींनी चहा दिला आणि समोर बसल्या. बहिणीच्या सासरचं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "या ईदला येईल ना रे तो?"

मी कप तोंडाला लावला. चहा फार गरम होता, तरी एक मोठा घोट घेतला आणि म्हटलं, "त्यालाच विचारा ना अम्मी, या शुक्रवारी."

"तुला काय म्हणाला?"

"मला म्हणाला, आठवण येते."

त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. नुसत्या म्हणाल्या, "ते मला पण म्हणतो," आणि किटलीतला उरलेला चहा माझ्या कपात ओतला.